पावसाळा आला की तोच फीडर जातो: शिशाच्या जुन्या केबलवरचा जॉइंट टिकत का नाही

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: “जॉइंट मागच्याच वर्षी बदललाय, किट चांगलं होतं, तरी परत तिथेच उडाला.” केबल जुनी, ११ केव्हीच्या फीडरची, म्हणजे सबस्टेशनमधून वीज नेणाऱ्या लाइनची. आत तेलात मुरवलेला कागद, वर शिसं, त्यावर पत्र्याची आर्मर आणि डांबरात भिजवलेलं तरट. उन्हाळाभर लोड घेते, कुरकुर नाही. मृग कोरडा गेला तर मृगही निघतो. आर्द्रात कधीतरी रात्री अर्थ फॉल्टवर, म्हणजे वीज जमिनीत उतरली की, ब्रेकर पडतो आणि सकाळी खणलं की गेल्या वर्षीचाच जॉइंट फुटलेला दिसतो.

ज्यांच्याकडे हे दोनदा झालंय त्यांनी तिसरं किट मागवण्याआधी जरा थांबा. जॉइंट तिथे जळतो म्हणजे पाणीही तिथेच शिरतं, असं नाही. मी ३६ वर्षं खड्ड्यात बसून केबली जोडल्या. त्याच त्या जागी पुन्हापुन्हा गेलेले जेवढे जॉइंट उघडले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जॉइंट बिचारा निर्दोष होता. पाणी दुसरीकडून येत होतं.

आधी एक सांगून ठेवतो. हे काम घरच्या वायरमनचं नाही. परवाना असलेला माणूस, लेखी परमिट, दोन्ही टोकांना आयसोलेशन आणि अर्थिंग, आणि कापण्याआधी केबल मेलेली आहे याची जागेवर खात्री, म्हणजे लांबून चालणाऱ्या स्पाइकिंग टूलने खिळा मारून. एकाच चरात चार सारख्या केबली असतात आणि नकाशा कुणी काढला होता ते देव जाणे. “हीच ती” असं म्हणून करवत लावणारे दोन जण मी पाहिलेत. त्यातला एकच नंतर कामावर परत आला.

एक फीडर, तीन जॉइंट

ठाणे-बेलापूर पट्ट्यातला एक कारखाना. सबस्टेशन ते कॉम्प्रेसर हाउस साधारण ६२० मीटर, तीन कोअरची (आत तीन वेगळ्या तारांची), ९५ चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची बेल्टेड केबल. बेल्टेड म्हणजे प्रत्येक कोअरला स्वतःचा कागद आणि तिन्ही कोअर एकत्र केल्यावर वरून आणखी एक कागदी पट्टा, मग शिसं. मला बोलावलं तोवर पाच वर्षांत तीनदा एकाच जागी काम झालं होतं. आतल्या रस्त्याखाली एक मोरी आहे, तिच्यापासून ४ मीटरवर.

दर वेळी जॉइंटर आला, जळका भाग कापला, केबल ‘चांगली दिसली’ तिथपर्यंत मागे गेला, हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणाऱ्या नळ्यांचा) जॉइंट मारला, डीसी टेस्ट घेतली आणि बिल देऊन गेला. टेस्ट पास झाली, हेही खोटं नाही. थोडी ओल असली तरी कागद तेवढी मिनिटं काढतो. जळतो तो नंतर, लोडवर, काही महिन्यांनी.

दुसऱ्या वेळी केबल आखूड पडली म्हणून स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला १८५ चौरस मिलिमीटरचा १० मीटरचा तुकडा मध्ये घातलेला. याची नोंद कुठेच नव्हती. फॉल्ट शोधायला आम्ही मरे लूप (फॉल्टचं अंतर काढायचा ब्रिज) लावला, तर ब्रिजने दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यात ५ मीटरचा फरक. कारण साधं आहे. ब्रिज अंतर मोजत नाही, रोध मोजतो. १८५ चा १० मीटरचा तुकडा त्याला ९५ च्या जेमतेम ५ मीटरएवढाच वाटतो. केबलीत कुणी वेगळ्या मापाचा किंवा वेगळ्या धातूचा तुकडा टाकला असेल, तर आधी सगळी लांबी एका मापात बदलून घ्या आणि मगच गणित करा. नाहीतर खड्डा शेजारच्या गुलमोहराखाली खणला जातो.

कागदाला विचारा

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, मारून केबल ओली आहे एवढं कळतं. कुठून ओली आहे, हे सांगतो फक्त कागद. त्यासाठी जी टेस्ट आहे तिला पुस्तकात क्रॅकल टेस्ट म्हणतात, आमच्यात तडतड.

छोट्या भांड्यात पॅराफिन मेण १३० अंशांच्या आसपास तापवायचं. आधी नुसतं मेण बघायचं. त्यातच बुडबुडे येत असतील तर मेण ओलं आहे, तापवत राहा. मग केबलचा कागद चिमट्याने सोडवायचा आणि चिमट्यानेच मेणात सोडायचा. बोटं लावायची नाहीत. हाताच्या घामानेसुद्धा कागद तडतडतो आणि चांगली केबल उगाच कापली जाते. कोरडा कागद मुकाट बुडतो, अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतात आणि संपतं. ओला कागद फेसाळतो. फोडणीत ओली कढीपत्त्याची पानं टाकल्यासारखा आवाज येतो आणि फेस थांबत नाही.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. चूक होते ती पुढे. एकच कागद घेतात, तोही हाताला लागेल तो. तीन ठिकाणचे घ्या: शिशाला चिकटलेला सगळ्यात बाहेरचा, कोअरच्या मधल्या फटीतला भरणीचा आणि तारेला लागून असलेला सगळ्यात आतला. बाहेरचा ओला आणि आतला कोरडा असेल तर जवळपास कुठेतरी शिसं फुटलंय. बाहेरचा कोरडा आणि आतला ओला असेल तर पाणी तारेच्या पेडांमधून लांबून चालत आलंय, एखाद्या फुटक्या जॉइंटमधून नाहीतर कापून उघड्या ठेवलेल्या टोकातून. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत, आणि किट बदलणं हे दोन्हींवरचं औषध नाही.

त्या फीडरवर आम्ही सबस्टेशनच्या बाजूला तपासलं. तिन्ही कागद कोरडे. मोरीच्या बाजूला वीतभर मागे गेलो, बाहेरचा कागद फेसाळला. आणखी एक फूट, पुन्हा फेस. माझा हेल्पर वैतागला, म्हणाला, “काका, केबल संपेल अशाने.” मीटरभर मागे गेल्यावर फेस कमी व्हायला हवा होता, तो वाढला. मोरीकडे जावं तसा कागद जास्त ओला. आधीच्या तिघांपैकी एकाने जरी दोन फूट जास्त कापून तीन कागद तळले असते, तर त्याला तेव्हाच कळलं असतं.

कागद तपासताना त्याचा रंगही बघून ठेवा. निरोगी कागद मधाच्या रंगाचा आणि बोटाला तेलकट. थरांमध्ये मेणचट पांढुरकी भुकटी दिसली तर तिथे पोकळी होऊन डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) चालू होता. कागदावर नेच्याच्या पानासारखी काळी बारीक नक्षी उमटली असेल तर तो भाग अजून फुटला नसला तरी गेलेलाच आहे, कापून टाका. चढावरच्या जुन्या केबलीत आणखी एक प्रकार दिसतो: वरच्या टोकाचा कागद पापडासारखा कोरडा आणि खालच्या टोकाला शिसं तेलाने फुगलेलं. तेल वर्षानुवर्षं उताराने खाली गेलेलं असतं. तिथे ओलीचा संबंध नसतो, पण जॉइंट वारंवार जातात ते तसेच.

शिसं का फुटतं

मोरीच्या पाइपातून केबल बाहेर येते तिथे कुणीतरी पाइपाचं तोंड काँक्रीट ओतून बंद केलं होतं. उंदीर जाऊ नयेत, पाणी जाऊ नये म्हणून. हेतू चांगला. काँक्रीट फोडलं, गंजलेला आर्मरचा पत्रा उलगडला, शिसं चिंधीने पुसलं. पाइपाच्या तोंडाशी, अगदी काँक्रीटच्या कडेवर, अर्ध्या परिघाची भेग. केसाएवढी. नुसत्या डोळ्याला दिसली नाही. काजळी चोळून पुसल्यावर काळी रेघ उरली तेव्हा दिसली.

शिशाबद्दल एक गोष्ट समजली की पुष्कळ कोडी सुटतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं. आपल्याकडच्या ३०-३२ अंशांच्या हवेत ते निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ पासून मोजलेल्या, हिशेबाने वितळण्याच्या निम्म्या वाटेवर असतं. लोखंड त्याच अवस्थेत यायला ते लाल होईपर्यंत तापवावं लागेल. म्हणून शिसं सतत थोडं थोडं सरकत असतं, ताणलं की ताणलेलंच राहतं, आणि बारीक हेलकावे रोज बसले की कणाकणांच्या मधून उकलतं. लोड चढला की केबल लांबते, उतरला की आखडते. मोकळ्या मातीत ही हालचाल मीटरभरात पसरते. काँक्रीटमध्ये घट्ट धरलेल्या जागी ती सगळी एका रेषेवर येते. वरून ट्रक. तार जशी एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवून तोडतो, तसंच. पुलावरच्या केबलीसाठी शिशात थोडं कथील आणि अँटिमनी घालतात ते याचसाठी. साधं शिसं अशा जागी लवकर थकतं. शिवाय ओलं काँक्रीट चुन्यामुळे शिशाला खातंही.

रुळांच्या आसपासच्या केबलींचा रोग वेगळा. डीसीवर चालणाऱ्या गाडीचा परतीचा करंट रुळांतून जायचा असतो, पण त्यातला काही मातीत उतरतो, शिशाचा सोपा रस्ता धरतो आणि जिथे शिसं सोडून बाहेर पडतो तिथे ते खाऊन टाकतो. मुंबईत १९०७ ते १९६४ विजेच्या ट्राम होत्या आणि लोकलही २०१६ पर्यंत कुठे ना कुठे १,५०० व्होल्ट डीसीवर होती. अशा भागातल्या जुन्या शिशावर खड्डे पडलेले असतील आणि त्यात चॉकलेटी रंगाचा थर असेल, तर हाच संशय धरा. पांढरी भुकटी असेल तर बहुधा मातीतल्या क्षारांचं काम.

आमच्या केबलीत क्रम असा होता: भेग मोरीपाशी, पाणी तिथून आत, लोडच्या चढउताराने केबल श्वास घेतल्यासारखी ते ओढत राहिली, ओल कागदाच्या बाहेरच्या थरांतून ४ मीटर सरकली आणि जिथे कागद कापलेला, उघडा आणि ताणाखाली होता तिथे, म्हणजे जॉइंटमध्ये, तिने काम केलं.

दोन फीडर, दोन उपाय

मोरीतल्या शेजारच्या पाइपातून दुसरा फीडर जात होता, त्याच वयाचा, तसाच काँक्रीटमध्ये पकडलेला. तो कधी गेला नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. तोही बंद करून उघडला. शिशावर तशीच रेघ, पण लहान. त्या जागी शिशात छोटी खिडकी कापून पट्ट्याचा बाहेरचा कागद तळला. कोरडा. म्हणजे पाणी अजून आत गेलं नव्हतं.

पहिल्या फीडरचा मोरीपासून ओला सगळा भाग काढून एक्सएलपीईचा (कागदाऐवजी प्लास्टिकचं इन्सुलेशन असलेल्या केबलीचा) नवा तुकडा टाकला आणि दोन्ही बाजूंना ट्रान्झिशन जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या प्रकारच्या केबली जोडणारे, केले. शिशाची नवी केबल आता मिळवणं अवघड आहे, आणि मिळाली तरी एवढ्यासाठी कुणी घेत नाही. ट्रान्झिशन जॉइंटबद्दल जास्त लिहीत नाही, किटबरोबर कागद येतो तो वाचा. दोनच गोष्टी. कागदाच्या बाजूच्या कोअरवर तेल अडवणाऱ्या नळ्या न चुकता बसवा. त्या नीट नसतील तर कागदातलं तेल हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतं आणि दोन वर्षांनी कागद कोरडा ठक्क. आणि कोअर वेगळे करताना बुंध्याशी करकचून वाकवू नका, कागद सुरकुततो आणि तिथेच फुटतो.

दुसऱ्या फीडरची केबल कापायची गरज नव्हती. फक्त शिसं शिवायचं होतं, म्हणजे वायपिंग. हे काम येणारी माणसं आता फार थोडी उरलीत म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

वायपिंग

शिशाचा पत्रा वळवून केबलीवर चिरलेल्या नळीसारखा बसवायचा, भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे. लाकडी थापीने टोकं हळूहळू ठोकत आत घ्यायची, केबलीच्या शिशाला टेकेपर्यंत. याला जोर लागत नाही, सबुरी लागते. जोरात ठोकलं की पत्रा एका बाजूला पातळ होतो आणि खालचा कागद चेमटतो.

मग खरवडणं. जिथे धातू चिकटवायचा तिथलं शिसं हुकाने खरवडून चांदीसारखं उजळ करायचं आणि त्याच क्षणी त्यावर चरबी चोळायची. ताजं खरवडलेलं शिसं बघता बघता मळकं होतं आणि मळलेल्या शिशाला काही चिकटत नाही. जिथे धातू नको तिथे काजळीचा लेप किंवा डिंकाचा कागद लावायचा.

धातू म्हणजे ३ भाग कथील, ७ भाग शिसं. कथील एकटं २३२ ला वितळतं, शिसं ३२७ ला. हे मिश्रण मात्र २५५ च्या आसपास घट्ट व्हायला लागतं आणि पुरतं गोठतं १८३ ला. मधल्या ७० अंशांत ते ना पातळ ना घट्ट. घोटलेल्या श्रीखंडासारखं, किंचित रवाळ. वायपिंगचं सगळं कसब या ७० अंशांत आहे. कडईतला धातू किती तापलाय हे आम्ही वर्तमानपत्राच्या कपट्याने बघत असू: बुडवून काढला की तपकिरी व्हावा, पेटू नये. पेटला तर कथील जळतंय, कडई खाली घ्या.

आमचे वस्ताद लहानपणी गावच्या कल्हईवाल्याकडे भाता मारायचे. ते सांगत, कल्हई आणि वायपिंग ही सख्खी भावंडं, पण स्वभाव वेगळे. कल्हईवाला तापल्या भांड्यात कथील टाकतो, नवसागर भुरभुरतो आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत पातळ थर चढवतो. इथे थर जाड हवा आणि नवसागर अजिबात नको. त्यातला क्षार आत राहिला तर शिसं आणि कागद दोन्ही खातो. इथे चरबी किंवा स्टिअरिन. हाताची चाल मात्र कल्हईचीच. मनगट सैल, दाब बोटांच्या टोकांत.

कापड म्हणजे मोलस्किनची (जाड सुती कापडाची) अनेक पदरी घडी, चरबीत मुरलेली. डाव्या हातात कापड केबलीच्या पोटाखाली धरायचं, उजव्या हाताने पळीतून धातूची बारीक धार वरून सोडायची. पहिला धातू वाहून कापडात पडतो. तो फेकायचा नाही. तोच कापडाने पुन्हा वर न्यायचा. दोन-चार वेळा असं झालं की शिसं तापतं आणि धातू धरायला लागतो. धरला की दिसतं: कडेला धातू थेंबासारखा गोल न राहता सपाट पसरतो. आता पळी ठेवायची. दोन्ही हातांनी कापड फिरवत खालचा धातू वर, वरचा बाजूला, मध्ये फुगीर आणि कडेला निमुळता असा आकार द्यायचा. शेवटचा हात एकाच फिरकीत. तो फिरला की हात बाजूला. गोठेपर्यंत केबलीला धक्का लागता कामा नये. त्या अर्ध्या-एक मिनिटात कुणी खड्ड्यात उडी मारली, तर वाइपमध्ये बारीक छिद्रं राहतात आणि तुम्ही एक नवीन मोरी तयार केलेली असते. पाणी ओतून थंड करायचं नाही. वरून चरबी चोळायची, तिनेच तेज येतं.

चांगला वाइप ओळखायचा कसा? वरून गुळगुळीत आणि चकचकीत, कण बारीक. मातकट आणि दाणेदार दिसला तर धातू जास्त तापला होता किंवा उशिरापर्यंत चोळत राहिलात. मी शिकत होतो तेव्हा वस्ताद माझा वाइप नखाने खरवडून बघायचे, काही न बोलता ब्लोलॅम्प लावून सगळा धातू परत कापडात उतरवायचे आणि पळी माझ्या हातात द्यायचे. एका दुपारी पाच वेळा. सहाव्या वेळी त्यांनी नुसता चहा सांगितला.

आमच्या कामावर पहिला वाइप बिघडला, तो माझ्यामुळे नाही. धातू कितीही तापवला तरी वाळूसारखा, कापडावर गोळाच होईना. पाऊण तासाने कळलं: हेल्पर कडई ढवळायला गॅल्व्हनाइज्ड सळी वापरत होता. सळीवरचं जस्त धातूत उतरलं. जस्ताचा अंश जरी गेला तरी वायपिंगचा धातू मेला. पितळेचे तुकडे टाकले तरी तेच होतं. ती कडई ओतून टाकली, नवीन धातू घेतला. ढवळायला साधी लोखंडी पळी, तीही कोरडी आणि आधी तापवलेली. ओली पळी वितळलेल्या धातूत घातली तर पाण्याची वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. पावसाळ्यात खड्ड्यावर ताडपत्री बांधतात ती केबलीइतकीच जॉइंटरच्या डोळ्यांसाठी असते.

नळीची लांबीची शिवण आणि दोन्ही टोकं झाल्यावर, कंपाउंड (आतली पोकळी भरायचा, गरम ओतायचा मसाला) भरण्याआधी, भरायच्या भोकाला व्हॉल्व्ह लावून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब दिला आणि साबणाचं पाणी फिरवलं. एका टोकाला बुडबुडा. तेवढाच भाग पुन्हा तापवून पुसला. हा बुडबुडा दिसला नसता तर पुढच्या आर्द्रात मला परत यावं लागलं असतं.

कंपाउंड डब्यावर लिहिलेल्या तापमानालाच ओतायचं. थंड ओतलं तर पोकळ्या राहतात, फार गरम ओतलं तर कागद भाजतो. थंड होताना ते आकसतं आणि खाली बसतं. भोक लगेच बंद करून घरी जाऊ नका. गार झाल्यावर वरून भरा, मग भोकावर शिशाची टिकली आणि वाइप.

हात आणि जेवण

शिशाचं काम करताना तंबाखू मळायची नाही. आमच्या पिढीने याची किंमत मोजलीय. खरवडलेलं शिसं तळहातावर असतं, त्याच तळहातावर तंबाखू आणि चुना, तिथून गालात. जेवणाआधी साबणाने हात धुवा, कामाचे कपडे घरी पोरांच्या कपड्यांत टाकू नका, कडईवर तोंड नेऊ नका, धूर वाऱ्याच्या दिशेने जाऊ द्या. जुन्या केबलीवर एखाद्या वेळी राखाडी कापडाचं आवरण असतं, ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं; करवतीने कोरडं कापू नका. शिशाचे तुकडे आणि कातरण गोळा करून परत द्या. मातीत ते तसंच राहतं.

पाइपाचं तोंड

हे राहिलं तर वरचं सगळं फुकट. केबल पाइपातून बाहेर पडते तिथे कडा गोल असायला हवी आणि फट मऊ गोष्टीने भरायची: डांबरात भिजवलेलं तरट, वर बिटुमिनचा लेप. केबलीला हलायला जागा मिळाली पाहिजे. तोंडाजवळची केबल मऊ, चाळलेल्या मातीवर निजवा, लोंबकळती ठेवू नका. आर्मरचा पत्रा जिथे काढला तिथे दोन्ही बाजू तांब्याच्या वेणीने जोडा आणि ती वेणी शिशालाही सोल्डर करा, नाहीतर फॉल्टचा करंट शिशातूनच रस्ता काढतो.

आणि जॉइंटची जागा लिहून ठेवा. “मोरीजवळ” असं नाही. दोन पक्क्या खुणांपासून मीटरमध्ये अंतर, खोली, तुकड्याचं माप, तारीख. इमारतीचा कोपरा चालतो, झाड चालत नाही.

तो कारखाना आता दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि गणपती झाल्यावर दोन्ही फीडरचं मेगर घेतो आणि तिन्ही फेजची रीडिंग शेजारी शेजारी लिहितो. एक फेज बाकीच्या दोघांपेक्षा घसरायला लागली की मला फोन येतो. मागच्या पावसाळ्याआधी फोन आला तो वेगळ्याच कारणाने. मोरीच्या पाइपाचं तोंड ‘उघडं’ दिसतंय म्हणून सिव्हिलवाल्यांनी गवंडी पाठवला होता, घमेल्यात काँक्रीट कालवून तयार. गेटवरच्या वॉचमनने त्याला अडवून ठेवलं आणि आधी मला विचारलं.